निम्म्याच लिंका का चालत होत्या

पासवर्ड बदलायची लिंक निम्म्या लोकांना चालायची, निम्म्यांना ‘टोकन अवैध’ दिसायचं. टोकन म्हणजे लिंकमध्ये घातलेली गुप्त खूण. सपोर्टकडून सगळ्यांना एकच उत्तर जायचं: लिंक नीट कॉपी करा. लोक नीटच कॉपी करत होते, हे मला अजून सलतं.

एका फसलेल्या लिंकचं टोकन डेटाबेसमधून काढलं आणि सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदीतल्या, टोकनाशी ताडून पाहिलं. दोन्हीकडे ४४ अक्षरं, म्हणजे काही गळलेलं नव्हतं. मग एकेका अक्षराचा आस्की क्रमांक, म्हणजे संगणकातला त्या चिन्हाचा ठरलेला आकडा, छापला. एकोणिसाव्या जागी इकडे ४३, तिकडे ३२. पाठवलं होतं ‘+’, पोचली मोकळी जागा.

टोकन म्हणजे ३२ रँडम बाइट, बेस-६४मध्ये, म्हणजे ६४ साध्या चिन्हांत, लिहिलेले. त्या ६४ चिन्हांत ‘+’ असतो. आणि लिंकच्या पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात एचटीएमएल फॉर्मच्या जुन्या रिवाजाने ‘+’ म्हणजे स्पेस. प्रश्नचिन्हाआधीच्या भागात तोच ‘+’ साधा अधिकच असतो! सर्व्हरने नियमाने वाचलं. चूक लिंक बनवणाऱ्या कोडची होती. एवढ्या लांब टोकनात एक तरी ‘+’ येण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के, म्हणून निम्म्या लिंका.

‘+’चं ‘%२बी’ करायला हवं होतं, यालाच एन्कोडिंग म्हणतात. ते केलंही, पण दोघांनी, एकमेकांना न विचारता: एकाने टोकन बनवतानाच, दुसऱ्याने मेलच्या टेम्प्लेटमध्ये. दुसऱ्या खेपेला ‘%’ स्वतःच ‘%२५’ झाला आणि मेलमध्ये ‘%२५२बी’ गेलं. सर्व्हर एकदाच उलगडतो, त्याच्या हाती ‘%२बी’ ही तीन अक्षरं राहिली. ३२ बाइटच्या टोकनाच्या शेवटी ‘=’ हमखास असतो, त्याचीही तीच गत. निम्म्या बंद होत्या त्या सगळ्याच बंद पडल्या. एन्कोडिंग एकाच जागी करायचं, लिंक जोडताना, तेही फक्त टोकनाचं. अख्ख्या पत्त्याचं कधीच नाही.

शेवटी टोकनच बेस-६४च्या पत्त्यासाठीच्या प्रकारात नेलं. ‘+’ऐवजी ‘-’, ‘/’ऐवजी ‘_’, शेवटचा ‘=’ गाळलेला. ४३ अक्षरं, एकालाही एन्कोडिंग लागत नाही.

मेलमधून आधीच गेलेल्या लिंकांसाठी कुणीतरी सर्व्हरवर स्पेसचा परत ‘+’ करणारी ओळ घातली होती. त्या लिंका २४ तासांत बाद झाल्या. ओळ अजून तिथेच आहे, आणि ती काढायला मी अजून कुणाला पटवू शकलेलो नाही.