दोन वर्षांनी सगळं उघडं

तेलाच्या विहिरीची माहिती म्हणजे तिजोरी, हे आपल्याकडच्या भूवैज्ञानिकाच्या अंगात भिनलेलं असतं. नॉर्वेत मात्र विहीर पूर्ण झाली की दोन वर्षांनी तिचे लॉग (खोलीनुसार घेतलेल्या नोंदी) आणि चाचण्यांचे आकडे कुणालाही मिळतात. कोअर (खडकाचे अखंड दंडगोल) आणि कटिंग्ज (खोदताना निघणारा चुरा) यांचे नमुने स्टाव्हांगर शहरातल्या सरकारी भांडारात जातात. पुढे प्रतिस्पर्धी तिथे येतो आणि तुमचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली धरतो.

आणि गोची इथेच आहे. नमुन्याच्या पिशवीवर लिहिलेली खोली चुकली असेल, तर ती चूक कायमची सरकारदरबारी जमा.

तळाचा चुरा वर यायला वेळ लागतो, तो लॅग. 3,000 मीटर विहीर, सोयीसाठी सगळी 8½ इंची धरू, आत 5 इंची पाइप. भोवतालच्या पोकळीत साधारण 72 घनमीटर मड (चुरा वर आणणारं चिखलासारखं द्रव) मावतं. पंप मिनिटाला 2,000 लिटर देत असेल, तर लॅग 36 मिनिटं. पण ही झाली कागदावरची विहीर. भिंती ढासळून भोक रुंदावलं की लॅग वाढतो. ताशी 20 मीटर ड्रिलिंग चालू असताना 10 मिनिटं चुकली, की नमुना तीन मीटरहून जास्त सरकतो. पातळ वाळूचा थर तेवढ्यात हरवतो. म्हणून पाइप जोडताना आत कार्बाइड (पाण्यात गॅस सोडणारा पदार्थ) टाकतात. त्याचा गॅस वर दिसेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यातून पाइपमधून खाली जाण्याचा वेळ (इथे सुमारे 14 मिनिटं) वजा करायचा. हे वजा करायला विसरणारे कमी नाहीत. कार्बाइड नसेल तर तांदूळ टाकतात. ते शेकरच्या, म्हणजे वर आलेला चुरा चाळणाऱ्या यंत्राच्या, जाळीवर दिसतात.

पुढची फसवणूक धुण्यात. तेलयुक्त मडमधला चुरा पाण्याने धुता येत नाही. आधी बेस ऑइल (मड ज्यात कालवतात ते तेल), मग साबण. मडची स्वतःची चकाकी अतिनील दिव्याखाली तेलाचा भास देते, त्यामुळे मडचा नमुनाही शेजारी ठेवायचा. जोरात धुतलं तर मऊ माती वाहून जाते आणि अहवालात वाळूच वाळू. पीडीसी बिटने (कृत्रिम हिऱ्यांनी खडक खरवडणाऱ्या टोकाने) तर दगडाचं पीठच होतं. मोठे, वाकडे तुकडे दिसले की ते बहुधा वरून ढासळलेले. ते चाळून बाजूला.

आपल्याकडे हे ठाऊक नाही असं कुणी समजू नये. 1974 मध्ये मुंबई हाय सापडलं ते काही केवळ उसन्या अकलेवर नाही, आणि 2017 पासून आपलंही राष्ट्रीय माहिती भांडार आहे. परदेशी गेलेल्या भूवैज्ञानिकांना मिळणारा ‘शिकले इथे, तेल काढतात तिकडे’ हा टोमणाही जुनाच. त्याला उत्तर एकच: जुना चुरा इतक्या सहज पुन्हा बघायला मिळणं, हा या धंद्यातला मोठा मोह आहे. नॉर्वेच्या समुद्रतळाखालच्या उत्सिरा उंचवट्यावर कंपन्या अनेक दशकं खोदत होत्या, तरी योहान स्वेर्ड्रुप हे मोठं तेलक्षेत्र सापडलं 2010 मध्ये. तिथे कोरडी ठरलेली प्रत्येक विहीर पुढच्याला काहीतरी सांगून जाते, पिशवीवरची खोली बरोबर असेल तर.