तुम्ही विचारलंत म्हणून: मॅचच्या रात्रीचा जग आणि कपाटातली मधाची व्हिस्की

मोठी मॅच जवळ आली की मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला म्हणजे, ‘घरी आठदहा जण येतायत, सोपं कॉकटेल सांगा ना.’ दुसरा जरा संकोचून विचारलेला असतो. ‘कपाटात एक मधाची व्हिस्की आहे, कुणीतरी भेट दिलेली. ती कशात घालता येईल का? आणि ती खरी व्हिस्की तरी असते का हो?’ आजवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्यांत सांगत आले. आज एकदा सगळं लिहूनच काढते.

सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

१३ मे १८०६ला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्रानं वाचकाच्या शंकेला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं. कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स म्हणजे कडू अर्क, एवढ्या चारच गोष्टी. आता फ्लेवर्ड व्हिस्कीच्या बाटलीत काय असतं बघा. मद्य आहे, बहुतेक वेळा साखर आहे, वर मधाचा, सफरचंदाचा नाहीतर दालचिनीचा स्वाद आहे. म्हणजे निम्मं कॉकटेल बाटलीतच तयार होऊन आलंय. राहिलं काय? पाणी, कडू आणि आंबट. तेवढं द्यायचं, जास्त काही नाही. लोक नेमकं उलट करतात, मधाच्या व्हिस्कीत कोला ओततात. गोडात गोड पडतं, दुसऱ्या घोटाला तोंडाला मिठी बसते आणि मग दोष बाटलीला देतात.

खरी की खोटी, हे कायद्यावर आहे आणि कायदा जागेप्रमाणे बदलतो. स्कॉटलंडचे नियम कडक. २००९च्या नियमांप्रमाणे स्कॉच निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली हवी, बाटलीत भरताना तिच्यात किमान ४० टक्के मद्यार्क हवा, आणि तिच्यात पाणी व साधा कॅरॅमल रंग यांपलीकडे काही घालता येत नाही. मध घातलात की ती स्कॉच म्हणून विकता येत नाही. ड्रॅम्बुई बघा, स्कॉच, मध आणि वनस्पती घालून केलेली, ४० टक्क्यांची, पण ती लिकर, म्हणजे गोड केलेलं स्वादाचं मद्य, म्हणूनच विकली जाते. अमेरिकेत तसं नाही. तिथे फ्लेवर्ड व्हिस्की हा मान्यताप्राप्त प्रकार आहे. स्वाद कुठला ते लेबलवर लिहावं लागतं, आणि साध्या व्हिस्कीला ४० टक्क्यांची अट असली तरी हिला ३० टक्के पुरतात. म्हणून जॅक डॅनियल्सची टेनेसी हनी ३५ टक्के, क्राउन रॉयलची सफरचंदाची ३५ टक्के, आणि दालचिनीची फायरबॉल ३३ टक्के असते. हा आकडा लेबलवर आधी शोधा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

हे खूळ आजकालचं आहे असंही नाही. वाइल्ड टर्की या अमेरिकन कंपनीनं बर्बनमध्ये, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीत, मध घालून लिकर काढली ती १९७६मध्ये. जॅक डॅनियल्सची मधाची बाटली २०११मध्ये आली आणि मग सगळेच त्या वाटेला लागले.

मला स्वतःला या बाटल्यांबद्दल आस्था आहे. व्हिस्कीची जळजळ नको वाटणारी कितीतरी माणसं याच दारातून आत आली आणि पुढे साध्या व्हिस्कीपर्यंत पोहोचली, हे मी माझ्या टेबलावर पाहिलंय. पण ती चाखायची कशी हे कुणी सांगत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून, बर्फगार छोटा ग्लास एका दमात संपवतात. थंडीनं वास दबतो, गोडही कमी जाणवतं. बाटलीत काय आहे हे कळण्याच्या दोन्ही वाटा बंद. मग चाखलं काय?

माझी पद्धत सांगते. तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. तसा नसेल तर छोटा वाइनचा ग्लास चालतो. १५ मिली पुरे. बर्फ नको, गारही नको, खोलीत असेल तशीच. पहिल्या ग्लासात साधी बर्बन घाला, अगदी बिनस्वादाची. ही पायरी सोडू नका. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या भांड्यात मुरवावी लागते, आणि त्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, तेच व्हॅनिलाचं व्हॅनिलिन. म्हणजे व्हॅनिला, कॅरॅमल, थोडा नारळासारखा वास हे सगळं साध्या बर्बनमध्ये आधीच असतं, वरून कुणी घातलेलं नसतं. नाक ग्लासात खुपसू नका, काठापाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. हा वास लक्षात राहू द्या.

आता मधाची. पहिला वास मधाचाच येणार, त्यात विशेष काही नाही. एक छोटा घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि थांबा. गोड ओसरल्यावर मागे काय राहतं? बर्बनमध्ये भेटलेलं ते लाकूड आहे का तिथे? चांगल्या बाटलीत असतं. घशाशी जरा कोरडेपणा येतो, ओकचा तुरटपणा जाणवतो, आणि मध त्या व्हॅनिलाच्या हातात हात घालून आलेला वाटतो. कच्च्या बाटलीत गोड सरलं की काहीच उरत नाही, नुसता पाक आणि पातळ मद्य. स्वाद व्हिस्कीच्या अंगचा झालाय की वरून पांघरलाय, एवढंच मी चाखताना विचारते.

मग चहाचा एक चमचा पाणी. १५ मिलीत ५ मिली पडलं की ३५ टक्क्यांची व्हिस्की साधारण २६ टक्क्यांवर येते. पाण्यानं वास खुलतो हे व्हिस्की बनवणारे पिढ्यानपिढ्या जाणतात. २०१७मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून त्यामागचं एक कारण दाखवलं: पाणी वाढलं की धुराच्या वासाचा ग्वायाकॉल नावाचा रेणू पृष्ठभागाकडे, म्हणजे आपल्या नाकाकडे सरकतो. फ्लेवर्ड व्हिस्कीला तर पाणी ही परीक्षाच. साखरेचा पडदा विरळ होतो आणि मागे कोण उभं आहे ते दिसतं. एकदा मैत्रिणीच्या घरी लेबलं झाकून आम्ही दोन सफरचंदाच्या बाटल्या शेजारी ठेवल्या होत्या. पाण्याआधी सगळ्यांना जी आवडली, ती पाणी पडताच हिरव्या गोळीच्या पाकासारखी लागली. दुसरीत सफरचंदाच्या सालीचा तुरटपणा वर आला. मतं जागच्या जागी फिरली.

चाखण्याचा क्रम पाळा: साधी, मग फळाची, मग मधाची आणि दालचिनीची अगदी शेवटी. दालचिनीतला सिनामाल्डिहाइड जिभेवर जी आग करतो ती चव नसते. मोहरीचा झणका ज्या चेतातंतूंना कळतो, त्यांनाच तो चेतवतो. एकदा तो तोंडात बसला की पुढची बाटली कळत नाही. मधे साधं पाणी आणि कोरडा टोस्ट ठेवा.

आणि हे चाखणं मॅचच्या दिवशी करू नका. चार बाटल्यांचे १५ मिली म्हणजे ६० मिली, एक मोठा पेग मॅच सुरू व्हायच्या आधीच पोटात गेला. शिवाय चाखायला लक्ष लागतं आणि ते त्या दिवशी पडद्यावर असतं. दोनचार दिवस आधी शांत संध्याकाळी बसा, पार्टीसाठी बाटली निवडा.

आता पहिला प्रश्न. मॅचच्या दिवशी सोपं काय?

मी पहिल्यांदा असं घरी बोलावलं तेव्हा व्हिस्की सावर करायचं ठरवलं होतं. उत्तम कॉकटेल आहे. ६० मिली साधी व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक, शेकरमध्ये बर्फ घालून पंधरा सेकंद हलवायचं, गाळायचं. एका माणसाला ठीक. आठ जणांना आठदा मोजायचं, आठदा हलवायचं, दर वेळी शेकर धुवायचा. सहाव्या ग्लासाला बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. त्या रात्रीचा एकमेव गोल मी स्वयंपाकघरात, गार पडलेल्या बोटांनी शेकर धरून ऐकला. तेव्हापासून खेळ सुरू झाल्यावर मी काहीही मोजत नाही. जे करायचं ते आधीच, ओतायच्या मोठ्या जगमध्ये.

फ्लेवर्ड व्हिस्कीचा उपयोग खरा इथे. पाक करायचा नाही, स्वाद शोधायचा नाही. आठ ग्लासांसाठी ३५ टक्क्यांची सफरचंदाची व्हिस्की ३६० मिली, लिंबाचा रस १२० मिली, गार पाणी ८० मिली आणि दोन चिमटी मीठ. लिंबू एकदम सगळं ओतू नका. ९० मिली घाला, चाखा, मग वाढवा, कारण प्रत्येक बाटलीतली साखर वेगळी. शेकरमध्ये बर्फ वितळून जे पाणी मिसळतं, त्याच्या जागी हे ८० मिली आहे. जग फ्रिजमध्ये ठेवा. रस त्याच दिवशी काढलेला हवा, उरलेला दुसऱ्या दिवशी कडवट लागतो. देताना ग्लासात मोठे बर्फाचे खडे, जगातलं ७० मिली आणि वर १०० मिली सोडा. सोडा आधीपासून गार असू द्या. कोमट सोड्यातला वायू ओतताक्षणी उडून जातो आणि मग ग्लासात नुसतं सरबत राहतं. हे मिश्रण साधारण ९ टक्क्यांचं होतं, वाइनपेक्षा हलकं. पाहुणे आपले आपण ओतून घेतात.

मधाची बाटली असेल तर हेच प्रमाण, फक्त पाण्यात आल्याचा थोडा रस घाला आणि ग्लासात अँगोस्टुरा बिटर्सचे दोनतीन थेंब टाका. मध, लिंबू आणि बर्बन यांचं जुळतंच. न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी बारमधून पुढे आलेलं गोल्ड रश हे कॉकटेल याच तिघांचं आहे.

दालचिनीची ग्लासाला ३० मिलीच घ्या, बिनसाखरेचा सफरचंदाचा रस आणि लिंबू घाला. आल्याची जिंजर बीअर नको, आगीवर आग होते. पीनट बटरची व्हिस्की मला लिंबाबरोबर कधीच जमली नाही. तिला बिनसाखरेची गार काळी कॉफी दुप्पट घाला, छान लागते. आणि कुणी साधीच आणली तर हायबॉल आहेच, एक भाग व्हिस्की, तीन भाग सोडा.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. गोडामुळे मद्य जाणवत नाही, त्यामुळे हात सैल सुटतो. फुटबॉल असेल तर ४५ मिनिटांना एक ग्लास, १५ मिनिटांच्या मध्यंतरात खाणं आणि पाणी, पुढच्या ४५ मिनिटांना दुसरा. एका ग्लासात ४५ मिली फ्लेवर्ड व्हिस्की जाते, म्हणून दोन ग्लासांतली ९० मिली म्हणजे ४० टक्क्यांच्या व्हिस्कीची जवळजवळ ८० मिली. तिथे थांबलेलं बरं. मी शेजारी दुसरा जग ठेवते, सफरचंदाचा रस, लिंबू, आलं आणि सोडा. रंग तोच, ग्लास तेच, कुणाला काही समजावत बसावं लागत नाही. गाडी चालवणाऱ्यांसाठी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यात मात्र बिटर्स टाकू नका. थेंब छोटे असले तरी अँगोस्टुरा ४४.७ टक्के मद्याची असते, आणि मद्य अजिबात न घेणाऱ्याला आपण बिनमद्याचं म्हणून दिलंय तर ते तसंच असायला हवं.

चाखण्याच्या रात्रीचे ग्लास लगेच धुऊ नका. रात्रभर तसेच राहू द्या आणि सकाळी, चहाच्या आधी, एकेक हुंगून बघा. बर्बनच्या रिकाम्या ग्लासात कोरड्या लाकडाचा, जुन्या कपाटाच्या खणासारखा वास येतो. मधाच्या ग्लासाचा तळ बोटाला चिकटतो आणि गोड वास येतो. तो जरा ओसरू द्या, मग परत नाक न्या. त्याखाली लाकूड सापडलं, तर मॅचसाठी तीच बाटली आणा.