चूक शब्दातला चू

परवा क्लासमध्ये एका मुलीला "परत" म्हटलं आणि मीच दचकले. आवाज माझा होता, पण हेल बाईंचा. ना राग, ना प्रश्न. नुसतं "परत."

1994 ला बारावीची परीक्षा संपली आणि आईने मला बाईंकडे जर्मनला घातलं. प्रभात रोडच्या एका गल्लीत त्यांचं घर. बाहेरच्या खोलीत चार बाकं, एक फळा आणि मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं घड्याळ. साडेसात म्हणजे त्या घड्याळातले साडेसात. मी डेक्कनला पीएमटीतून उतरून पळत सुटायचे. उशीर झालाच तर बाई बोलत नसत, पण श्रुतलेखन संपेपर्यंत बसायचं नाही. वही भिंतीला टेकवून उभ्याने लिहायचं.

जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं, आणि नामाच्या पुढे त्या त्या लिंगाचं उपपद: डेअर, डी, डास. पहिल्या दिवशी 'डास' ऐकून आम्ही सगळे हसलो. बाई थांबल्या. "हसून झालं? आता खोलीतल्या दहा वस्तूंची लिंगं सांगा." नुसतं 'टिश' म्हटलं की त्या खिडकीबाहेर बघायच्या, जणू कुणी काही बोललंच नाही. 'डेअर टिश' म्हटलं की मान परत आत. मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून आपल्याला सोपं, हा भ्रम आठवड्यात उतरला. आपली ती खुर्ची तिकडे डेअर श्टूल, आपलं ते दार त्यांची डी ट्यूर, आपली ती खिडकी त्यांचं डास फेन्स्टर. एकाने हिंमत करून विचारलं, मुलगी नपुंसकलिंगी कशी, डास मेडशेन? बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी 'पोरगं' म्हणत नाहीत?" मग शांतपणे सांगितलं की शेवटी 'शेन' लागलं की डास, मग ती मुलगी असो नाहीतर ब्रोटशेन, म्हणजे पाव.

पण बाईंची खरी कमाल उच्चारांत. जर्मन झेड आम्ही इंग्रजीसारखा झ करायचो. बाईंनी फळ्यावर 'चूक' लिहिलं. "म्हणा." आम्ही म्हटलं. "यातला चू नीट येतो ना? रोज करता की. आता तोच चू घेऊन 'त्सू' म्हणा." चांगला, चाक, चाकण यांतला च आपल्या तोंडात आयता असताना आम्ही तो इंग्रजीच्या नादात हरवून बसलो होतो. पुढे 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा मला पहिल्यांदा बाईच आठवल्या. कंपनीचं नाव फ ने सुरू होतं, व ने नाही, हेही त्यांनीच आमच्याकडून घोटून घेतलं होतं.

मग डाटिव्ह, म्हणजे जर्मनमधली चतुर्थी विभक्ती. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू. ही सात शब्दयोगी अव्ययं (तिकडे ती नामाच्या आधी येतात, एवढाच फरक) आम्ही पाढ्याच्या चालीवर म्हणायचो. यांच्यानंतर 'डेअर' चं 'डेम' होतं. माहीत होतं, लिहिताना यायचंही. बोलताना मात्र 'बसने' म्हणायचं तर मी 'मिट डेअर बुस' म्हणाले. "परत." पुन्हा तेच. "परत." नऊ वेळा. नवव्यांदा आवाज चिरकला, मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं, आणि दहाव्यांदा 'मिट डेम बुस' आलं. बाई पुढच्या मुलीकडे वळल्या. शाबास वगैरे काही नाही. त्या दिवशी बसमध्ये मी तेच पुटपुटत होते, तर कंडक्टरने विचारलं, "कुठलं द्यायचं?"

मी बाईंचा रागच करायचे, हे सांगून टाकते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुढचा अभ्यास करतानासुद्धा.

2003 पासून मी स्वतः शिकवते, कोथरूडला. आमच्या वेळी हौशी लोक यायचे, आता निम्मा क्लास नर्सेसचा. त्यांना जर्मनीत कामासाठी साधारण बी दोन या पातळीपर्यंत जावं लागतं. गोएथे इन्स्टिट्यूटची ती परीक्षा म्हणजे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण, आणि प्रत्येकात 60 टक्के. नाइट ड्यूटी करून येणाऱ्या मुलींना मी उभं करत नाही, पण 'परत' सोडलं नव्हतं. बार्शीची एक मुलगी चौथ्या 'परत' ला गप्प झाली आणि नंतर दोन आठवडे आलीच नाही. मी स्वतःची समजूत घातली, की आम्ही नऊ सोसले होते.

त्याच सुमारास बाईंकडे जाणं झालं. नजर अधू झालेली, घड्याळ अजून पाच मिनिटं पुढे. कपाटातून जुन्या वह्या काढून द्यायला सांगितल्या, रद्दीला. त्यात आमच्या बॅचची एक निघाली. प्रत्येकाला एक पान, प्रत्येक तासाची तारीख. माझं पान उघडलं. "घाई करते. त्सू जमला. डाटिव्ह कानाला कळतो, जिभेला नाही. लिहून घेऊ नये, बोलून घ्यावं, येईपर्यंत." खाली दुसऱ्या शाईत, "हुशार आहे असं तिला वाटतं." शेजारच्या मुलाच्या पानावर मात्र होतं, "याला दोनदाच. घाबरतो."

मी वीस वर्षं 'परत' तेवढं उचललं होतं. ही वही मला माहीतच नव्हती.

वही रद्दीत दिली नाही. बाई म्हणाल्या, "ने, पण दाखवू नकोस कुणाला." मग थोड्या वेळाने, "आता येतो ना डाटिव्ह?"

बार्शीच्या मुलीला मी फोन केला, ती आली. आता तिचंही एक पान आहे. पहिल्या ओळीत लिहिलंय, "ऐकून चटकन पकडते. सगळ्यांसमोर नको, तास संपल्यावर." परवाचं ते 'परत' तिलाच होतं, तास संपल्यावर, चपला घालता घालता. तिने तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं आणि विचारलं, "मॅडम, 'चूक' मधलाच चू ना?"