कॉन्सर्ट फिल्म आणि शीट म्युझिक घेताना आवृत्ती कशी तपासायची

रॉकच्या कॉन्सर्ट फिल्म्स घ्या की पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं शीट म्युझिक (छापील स्वरलेखन), फसगत एकाच जागी होते. नाव बरोबर असतं आणि घरी भलतीच आवृत्ती येते. मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. डिस्क उलटीपालटी करून, विचारून घ्यायची सोय आता फारशी नाही. म्हणून तपासणी ऑर्डर देण्याआधी.

आधी रीजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये येतो, ब्लू-रेसाठी सी मध्ये. अमेरिकेची डीव्हीडी रीजन १ ची, युरोप आणि जपानची २ ची. संगीताच्या बऱ्याच डिस्क सगळीकडे चालतात, पण वेष्टनामागचं पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह बघितल्याशिवाय ते गृहीत धरू नका. फोर-के (अतिस्पष्ट चित्राच्या) ब्लू-रे डिस्कना रीजन कोड नसतो. मात्र त्याच पेटीत सोबत दिलेली साधी ब्लू-रे अडू शकते.

वाजवणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाचा मुद्दा पॅल डीव्हीडीचा आहे. पॅल ही भारत-युरोपातली व्हिडिओ पद्धत, एनटीएससी ही अमेरिका-जपानची. जुन्या कॉन्सर्ट फिल्म्स सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झाल्या. पॅलमध्ये त्या २५ ने धावतात, म्हणजे सगळं ४ टक्क्यांनी जलद होतं आणि सूर जवळजवळ पाऊण सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) चढतो. गिटार घेऊन सोबत वाजवायला बसलात तर ई कॉर्डचं गाणं एफच्या जवळ ऐकू येतं, आणि माणूस उगाच गिटारच्या खुंट्या पिळत बसतो. काही कंपन्या सूर दुरुस्त करतात, पण लय जलदच राहते. ओळखायचं कसं? कालावधी बघा. ‘द बँड’ या गटाची कॉन्सर्ट फिल्म ‘द लास्ट वॉल्ट्झ’ ११७ मिनिटांची आहे. डीव्हीडीवर ११२ छापलं असेल तर काही कापलेलं नाही, फिल्म पळवलेली आहे. अशा फिल्म्स ब्लू-रेवरच घ्याव्यात. एनटीएससी डीव्हीडीतही सूर जागेवर राहतो. मुळातच पॅल व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेल्या कॉन्सर्टना ही अडचण नाही.

मग संकलन. १९६९ च्या संगीत महोत्सवावरची ‘वुडस्टॉक’ १९७० मध्ये आली तेव्हा तीन तासांच्या आसपास होती. १९९४ ची दिग्दर्शकाची आवृत्ती पाऊणेक तासाने मोठी आहे. मला तीच घेण्याजोगी वाटते. पिंक फ्लॉइडच्या पॉम्पेईच्या फिल्मचं नेमकं उलटं: २००३ च्या डीव्हीडीवरच्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत संगणकावर बनवलेली दृश्यं घुसवली आहेत. २०२५ मध्ये नव्याने साफ केलेली प्रत आली, तिचा आवाज संगीतकार स्टीव्हन विल्सनने पुन्हा मिक्स केला आहे. घ्यायची तर ती.

जुन्या बाजारात डिस्क उलटी धरा. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची खालची बाजू चंदेरी किंवा किंचित सोनेरी दिसते आणि मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात बारीक क्रमांक कोरलेला असतो. खालची बाजू जांभळट दिसली तर ती बहुधा घरी कॉपी (बर्न) केलेली प्रत आहे. पैसे देऊ नका.

शीट म्युझिकमध्ये पहिला प्रश्न संपादन कोणाचं. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’मधला पहिला, सी मेजर प्रिल्यूड उघडा आणि मात्राखंड (उभ्या रेघांमधले बार) मोजा. ३५ भरले पाहिजेत. ३६ भरले तर २२ व्या खंडानंतर बाखने न लिहिलेला एक खंड घुसलेला आहे. जुन्या आवृत्त्यांतून तो पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला. एकोणिसाव्या शतकातला पियानोशिक्षक चेर्नी याच्या संपादनात त्या खंडाच्या जोडीला वेगाच्या आणि जोर-हळूच्या चेर्नीच्या स्वतःच्या खुणाही आहेत. शिकणारा त्या बाखच्या समजून पाठ करतो, हे मला फार खटकतं. हेन्ले, बेरेनराइटर, व्हिएन्ना उर्टेक्स्ट या प्रकाशकांच्या उर्टेक्स्ट (संगीतकाराच्या मूळ पाठावर आधारलेल्या) आवृत्त्या महाग असतात, पण त्यांत संपादकाने घातलेली भर कंसात किंवा बारीक टाइपात वेगळी दाखवतात.

मागवताना नावाऐवजी प्रकाशकाचा क्रमांक द्या. बेथोव्हनच्या पियानो सोनाटांचे हेन्लेचे दोन खंड म्हणजे एचएन ३२ आणि एचएन ३४. नावावर विसंबलात तर स्वस्तात स्टडी एडिशन (लहान आकाराची आवृत्ती) गळ्यात पडते. ती वाचायला छान, पण स्टँडवर ठेवली की डोळे ताणावे लागतात. विवाल्डीचा ए मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टो हवा असेल तर आरव्ही ३५६ (विवाल्डीच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) सांगा, आणि सुझुकी या व्हायोलिन शिकवण्याच्या पद्धतीच्या चौथ्या पुस्तकाशी जुळणारा हवा की मूळ, हेही सांगा. सुझुकीत व्हायोलिनवादक नाचेझने फेरफार केलेला पाठ आहे. मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोज या संगीताच्या दुकानात असे क्रमांक घेऊन गेलात तर काम लवकर होतं.

आयएमएसएलपी या शीट म्युझिकच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं ते सगळंच भारतात मोकळं नाही. इथे हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो: प्रोकोफिएव्ह (मृत्यू १९५३) मोकळा, शोस्ताकोविच (१९७५) २०३५ अखेरपर्यंत नाही. शिवाय नव्या संपादनाचा हक्क वेगळा असतो. छापताना ७० जीएसएमचा (वजनाने हलका, पातळ) कागद नको, मागच्या ओळी पुढे दिसतात आणि पंख्याच्या वाऱ्यावर पान उडतं. १०० जीएसएम घ्या, आणि पान उलटायची जागा विरामावर येते का ते बघूनच स्पायरल बांधा.

चौघा वादकांच्या चौकडीचं (क्वार्टेटचं) संगीत घेताना ‘पार्ट्‌स’, म्हणजे प्रत्येकाची वेगळी प्रत, मागा, नाहीतर चारही ओळी एकत्र छापलेला छोटा स्कोअर येईल आणि चौघांना वाजवता येणार नाही. पियानो कॉन्चेर्टोची दोन पियानोंसाठीची आवृत्ती घेत असाल तर बहुधा दोन प्रती लागतात, कारण दोन्ही पियानो एकाच पानावर छापलेले असतात.