बादलीशेजारी डिसमिस: खिडक्या धुण्याच्या धंद्याला दुरुस्तीची जोड

बडोद्यात खिडक्या धुवायला गेलेल्या माणसाला तासाभरात एक प्रश्न येतोच: "भाई, आ पण करी आपशो?" मराठी घर असेल तर काकू विचारतात, "अरे, ही जाळी पण बदलून देशील का?" या प्रश्नाला सरसकट "थई जशे" (होऊन जाईल) म्हणायची सवय लागली की धंदा फसतो. नळ, पंखा, कपाटाची बिजागरी, गिझर, सगळंच अंगावर घेतलं जातं आणि कशालाच धड हत्यार नसतं. माझं ठाम मत असं की दुरुस्तीची सुरुवात खिडकीपासूनच करावी. धुताना ज्या वस्तूला आपला हात लागतोच, तीच आधी दुरुस्त करायला शिकावी. शटरची (म्हणजे खिडकीच्या सरकत्या पाल्याची) बेअरिंग, ट्रॅक, जाळी, सीलंट, कडी, पडद्याचा रॉड. एवढ्यावर दोन माणसांना वर्षभर काम पुरतं.

यामागे साधा हिशोब आहे. समजा दोघांचा रोज १,८०० रुपये, पेट्रोल २००, हत्यारांची झीज, फोन वगैरे ४००, म्हणजे दिवसाचा खर्च २,४०० रुपये. आठ तासांतले तीन तास येण्याजाण्यात, सामान चढवण्यात आणि जिन्याखाली वाट बघण्यात जातात. कामाचे उरले पाच. तासाला ४८० रुपये नुसता खर्च, त्यावर नफा धरून ६००. एका बेअरिंगसाठी गोत्रीहून मांजलपूरला वेगळी फेरी मारली तर ती फेरी कोणाच्या तरी खिशातून जाणार. तेच काम धुण्याच्या दिवशी केलं तर येण्याजाण्याचा खर्च आधीच वसूल झालेला असतो. म्हणून दर दोन ठेवावेत. नुसत्या दुरुस्तीला बोलावलं तर किमान एक तासाचे पैसे, धुण्यासोबत असेल तर फक्त लागलेला वेळ आणि सामान. ग्राहकाला हे आधीच सांगितलं की तोही कामं साठवून ठेवतो.

आता बेअरिंग. सरकत्या खिडकीची सगळ्यात जास्त तक्रार हीच: शटर जड जातं, खरखरतं, मधेच अडतं. काच जड असते हे विसरू नये. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. तीन बाय चार फुटांच्या शटरमध्ये ५ मिमी काच असेल तर नुसती काच १४ किलोच्या आसपास, फ्रेम वेगळी. हे सगळं खालच्या दोन बेअरिंगांवर उभं असतं. स्वस्त प्लॅस्टिकचं चाक एका बाजूने घासून चपटं होतं, मग ते फिरत नाही, घसटतं, आणि ट्रॅकची ॲल्युमिनियमची धार खातं. धार खाल्ली गेल्यावर नवीन बेअरिंगही वर्षभरात जातं. म्हणून बोटाने ट्रॅकची धार चाचपून बघावी. कुसळासारखं लागलं तर आधी बारीक कानशीने आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती सारखी करावी.

शटर काढताना दोन माणसं हवीतच. आधी कडी उघडावी, शटर वर उचललं जाऊ नये म्हणून वरच्या ट्रॅकमध्ये बसवलेला स्टॉपर असेल तर काढावा, शटर सरळ वर उचलावं, खालची बाजू ट्रॅकमधून सुटली की ती घराच्या आत घ्यावी. आत, बाहेर कधीच नाही. घरातल्या बाजूचं शटर आधी निघतं. आडवं ठेवायला जाड गोधडी किंवा फोम. पाऊण इंची सेक्शनमध्ये (म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या त्या मापात) उभ्या पट्टीच्या खालच्या टोकाचे स्क्रू काढल्यावर बेअरिंग बाहेर येतं. अडचण इथेच येते. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं ओल खातो, दोन धातू एकमेकांना चिकटून बसतात आणि डिसमिसखाली स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. (बडोद्यात स्क्रू ड्रायव्हर मागितला तर दुकानदारही "डिसमिस ने?" असंच विचारतो.) जोर लावण्याआधी डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून पंधरा मिनिटं थांबावं, मापाची टोकदार डिसमिस घट्ट दाबून आधी जरा आवळावा आणि मग सोडावा. बसवताना स्टेनलेसचे स्क्रू वापरावेत. बेअरिंगचं माप डोळ्यांनी ठरवू नये. पाऊण इंची, एक इंची आणि डोमल (जाड, रुंद पट्ट्यांचा प्रकार), तिन्हींची वेगळी असतात. जुनं काढून दुकानात घेऊन जावं आणि जोडीनेच बदलावं, एकच बदललं तर शटर तिरकं बसतं आणि कडी जुळत नाही.

स्क्रू सुटले तर जोडीला अर्धा तास, अडले तर पाऊण. म्हणून दर अर्ध्या तासाचा सांगावा, पण "स्क्रू तुटला तर जास्त लागेल" हे शटर काढण्याआधी बोलून घ्यावं. ट्रॅकमध्ये तेल किंवा ग्रीस घालू नये. ग्राहक हौसेने मागतो, पण आपल्याकडची धूळ त्यात बसून महिन्याभरात काळी पेस्ट होते. फार तर सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून पुसायचा.

पावसाळ्यात "खिडकीतून पाणी येतं" म्हणून बोलावणं आलं तर सिलिकॉनची गन काढण्याआधी खालच्या ट्रॅकची बाहेरची बाजू बघावी. तिथे पाणी जायला बारीक भोकं असतात. बाहेरून सोसायटीचं रंगकाम झालं की ती पुट्टीने किंवा रंगाने बुजलेली सापडतात. मग ट्रॅक पन्हाळीसारखा भरतो आणि वाऱ्याच्या झोताबरोबर पाणी आत सांडतं. कितीही सीलंट लावा, उपयोग नाही. भोकं तारेने मोकळी करावीत आणि ट्रॅकमध्ये अर्धा लिटर पाणी ओतून बघावं. मिनिटभरात निघून गेलं पाहिजे. साचून राहिलं तर भोक अजून बंद आहे किंवा फ्रेमच आतल्या बाजूला कललेली आहे. आणि सीलंट लावणाऱ्या माणसाने नवीन बुच त्याच भोकाला मारू नये, हे होतं म्हणूनच लिहितोय.

भोकं मोकळी असूनही पाणी येत असेल तर पाइपने पाणी मारून तपासावं, आणि खालून वर जावं. आधी फक्त खालची पट्टी आणि खिडकीचा ओटा, पाच ते दहा मिनिटं. मग बाजूचे उभे सांधे. मग वरचा सांधा, शेवटी छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. पुष्कळदा दोष छज्ज्याच्या तड्याचा किंवा आत उतार असलेल्या ओट्याचा निघतो. ते गवंड्याचं, म्हणजे इथल्या भाषेत कडियाचं काम. तसं सरळ सांगावं.

फ्रेम आणि भिंतीतल्या सांध्याला न्यूट्रल सिलिकॉन घ्यावं. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते ॲसिटिक सिलिकॉन काचेला बरं असतं, पण संगमरवराला डाग पाडतं, सिमेंटवर नीट धरत नाही आणि आरशामागे लावलं तर आरशाचा पारा खातं. आपल्याकडे खिडकीच्या ओट्याला संगमरवराची पट्टी किती घरांत असते ते आठवून बघा. जुनं सीलंट कटरने पूर्ण काढावं, नव्याने जुन्यावर चढवलेलं सोलून येतं. सांधा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसावा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी. फट ६ मिमीपेक्षा रुंद असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवावी, नाहीतर सीलंट खोल जातं, पैसा वाया जातो आणि तिन्ही बाजूंना चिकटल्याने ते ताणलं की फाटतं. २८० मिलीच्या एका कार्ट्रिजमधून ६ बाय ६ मिमीची रेघ साधारण साडेसात मीटर येते. चार बाय चार फुटी खिडकीचा घेर सोळा फूट, म्हणजे पाच मीटरला थोडा कमी. एका कार्ट्रिजमध्ये दीड खिडकी धरावी आणि एक जास्तीचं गाडीत ठेवावं. बोटाने किंवा चमच्याने लगेच गुळगुळीत करून, सीलंट ओलं असतानाच टेप ओढावी. मे महिन्यात दुपारी साय पाच-सात मिनिटांत धरते, म्हणून हे काम सकाळी लवकर. रंगकाम बाकी असेल तर आधी विचारावं, सिलिकॉनवर रंग धरत नाही.

धुणं आणि दुरुस्ती एकाच दिवशी करताना क्रम चुकला की दोन्ही बिघडतात. आधी ड्रिलची कामं, कारण विटेची लाल धूळ ओल्या काचेवर बसली की परत धुवावं लागतं. मग शटर काढून बेअरिंग आणि जाळ्या. मग धुणं. काच आणि फ्रेम पूर्ण कोरडी झाली की शेवटी सीलंट, आणि त्यानंतर २४ तास तिथे पाणी नाही. भिंत ओलसर असेल तर सीलंटसाठी दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यावी, पैसे कमी झाले तरी चालेल.

जाळी बदलणं सोपं आहे आणि त्यात हात लवकर बसतो. फ्रेम सपाट टेबलावर ठेवायची, जुना रबर उपसायचा, त्याच जाडीचा नवा घ्यायचा. फायबरची जाळी सगळीकडून दोन इंच जास्त कापायची आणि कोपऱ्यापासून रोलरने रबर खाचेत दाबत जायचा. चूक एकच होते, पण सगळ्यांकडून होते: जाळी तबल्याच्या पुडीसारखी ताणली जाते. मग फ्रेमची लांब बाजू मधे आत वाकते आणि शटरशेजारी फट पडून डास आत येतात. जाळी नुसती अंथरायची, रबर दाबतानाच ती ताठ होते. दोन बाय चार फुटी शटरला तीन फुटी रोलमधून चार फूट चार इंच जातात, १०० फुटी रोलमध्ये तेवीस शटर.

पडद्याच्या रॉडचं ड्रिल खिडकीच्या वर म्हणजे बहुतेक वेळा सिमेंटच्या लिंटेलमध्ये (खिडकीवरच्या आडव्या तुळईत) येतं. तिथे साधं ड्रिल नुसतं गरम होतं, हॅमर ड्रिल लागतं. ६ मिमी बिट, ६ मिमी प्लग, ३५ मिमी स्क्रू आणि भोक ४५ मिमी खोल. आतली धूळ फुंकून काढल्याशिवाय प्लग ठोकू नये, तो अर्ध्यात अडतो. टणक आवाज येऊन बिट पुढे जाईना तर सळई लागली आहे, अर्धा इंच सरकावं. नवीन इमारतींत हलक्या पांढऱ्या ब्लॉकची भिंत असते, तिथे साधा प्लग नुसता गोल फिरतो. त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा प्लगच घ्यावा.

रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांत अजून लाकडी झडपा आहेत आणि त्यांचं काम वेगळंच. श्रावणात झडप फुगून चौकटीत अडकते आणि ग्राहक म्हणतो, रंधा मारून द्या. मारू नये. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की तीच झडप सैल होते आणि थंडीत फटीतून वारा येतो. पावसाळ्यात कडेला मेणबत्ती घासून काम भागवावं आणि नोव्हेंबरात परत जाऊन, तेव्हाही घासत असेल तरच, रंधा मारून उघड्या कडेला रंग लावावा. फुगण्याचं खरं कारण ती रंग नसलेली कडच असते. बिजागरीचा स्क्रू फिरत असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकून, रात्रभर वाळू देऊन तोच स्क्रू परत बसवावा.

काय करायचं नाही हेही लिहून ठेवलेलं बरं. बल्ब, पंखा, स्विच जसाच्या तसा बदलणं चालतं. नवीन पॉइंट काढणं, वायर ओढणं हे परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं काम, नियमच तसा आहे. पाइप गॅसच्या नळीला हात लावायचा नाही आणि स्वयंपाकघरात ती नळी कुठून जाते ते बघितल्याशिवाय ड्रिल चालवायचं नाही. टफन काच जागेवर कापता किंवा छेदता येत नाही, मापाने मागवावी लागते. आणि जे काम घराच्या आत उभं राहून होत नाही, ते हार्नेस आणि पक्का आधार असल्याशिवाय घ्यायचं नाही.

काचेवरचे पांढरे डाग ही दुरुस्ती मानावी की धुणं, यावर वाद होतो. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत ते जास्त दिसतात, आजवा सरोवराचं किंवा महीचं पाणी येतं तिथे त्या मानाने कमी. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, पाच मिनिटं, मग भरपूर पाणी. संगमरवरावर थेंबही पडू देऊ नये, ओट्यावर आधी प्लॅस्टिक अंथरावं. दोनदा करूनही डाग गेला नाही तर क्षार काचेतच उतरले आहेत, त्याला पॉलिश लागतं आणि त्याचा दर वेगळा. काम सुरू करण्याआधी प्रत्येक काचेचा तिरप्या उजेडात फोटो घ्यावा, जुने ओरखडे आपल्या नावावर येत नाहीत.

हिशोबात एक गोष्ट निसटते. सेवेच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, आणि ग्राहकाला बिलात लावलेली बेअरिंग, जाळी, सिलिकॉनही त्या उलाढालीत मोजली जाते. नुसतं धुणं असताना लांब वाटणारा आकडा दुरुस्तीमुळे लवकर जवळ येतो. सामान ग्राहकानेच आणलं तर ते आपल्या उलाढालीत येत नाही, पण मग सामान खराब निघालं तर फेरी कोणाची, हे आधी ठरवावं.

वर्षाची आखणी बडोद्याच्या सणांवर करावी. एप्रिल-मे भोकं, सांधे आणि सीलंटसाठी. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत धुण्यालाच हात पुरत नाहीत, तेव्हा मोठी दुरुस्ती घेऊ नये, फक्त टिपून ठेवावी. नोव्हेंबर-डिसेंबर लाकडी झडपा आणि जाळ्या. वासी उत्तरायण (संक्रांतीनंतरचा पतंगांचा दुसरा दिवस) उलटल्यावर, १६ जानेवारीपासून, सरकत्या खिडक्या अडल्याचे फोन येतात. मांजा ट्रॅकमधून बेअरिंगच्या आसावर गुंडाळलेला असतो. तो ओढू नये, काचेची पूड लावलेली असते, बोट कापतं आणि फ्रेमवर चरा पडतो. हातमोजे घालून शटर उतरवावं, बेअरिंग उलटं धरून बारीक कटरने गुंडाळा आडवा कापावा आणि तुकडे चिमट्याने काढावेत. विजेच्या तारेवरून खिडकीपर्यंत लोंबणारा मांजा मात्र तसाच सोडावा आणि वीज कंपनीला कळवावं.