खुर्ची

दीड वाजून गेलाय. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आक्काला काल त्या बंद पडलेल्या मनोरुग्णालयातले चौदा फोटो पाठवले. बाकी तेरांबद्दल अवाक्षर नाही. खुर्चीच्या फोटोखाली फक्त एक प्रश्न: "ही खुर्ची तू फिरवलीस का गं?"

मी "नाही" असं लिहिलं, मग ते खोडलं. अजून उत्तर दिलेलं नाही.

मला रडूच आलं. परवानगीसाठी किती पत्रं लिहिली मी. मास्क लावून दिवसभर त्या वॉर्डांतून फिरले, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि पोपडे नुसता धक्का लागला तरी गळत होते. सडलेल्या फळ्यांवर भिंतीच्या कडेकडेने चालायचं, मधे पाय टाकायचा नाही. एवढं करून शाबासकीचा शब्द नाही. तिनं तरी समजून घ्यायला हवं होतं. मामाच्या वेळी तिच्याबरोबर मीच तर… जाऊ दे.

फिरवली मी. वरच्या लांब वॉर्डात ती एकटीच उरली होती, तोंड भिंतीकडे. पाठीमागे उंच खिडकी, चौकटीतच बेमालूम बसवलेले लोखंडी गज, आणि उतरत्या उन्हाचा पट्टा जमिनीवर. फ्रेममध्ये बघितलं आणि वाटलं, खिडकीकडे बघणारी हवी. अशा वॉर्डांतल्या खुर्च्या मुद्दाम जड करायचे, कुणी उचलून फेकू नये म्हणून. उचलेना, म्हणून ओढली. तो आवाज पार जिन्यापर्यंत गेला.

आता स्क्रीनवर मोठा करून बघतेय. आठ सेकंदांचं एक्स्पोजर, सगळं स्वच्छ आलंय. धुळीत खुर्चीच्या पायांचे दोन लांब ओरखडे, आणि ते सुरू होतात तिथे चार छोटे चौकोन, धूळ न बसलेले. इतकी वर्षं ती तिथेच होती. आक्काला हे चार चौकोन दिसले. मला त्या वेळी ऊन दिसत होतं.

भिंतीकडे कुणी वळवली असेल? शिक्षा म्हणून? की कुणाला तशीच बरी वाटायची? की शेवटच्या दिवशी सामान हलवताना कुणी नुसती सरकवली? कळायला मार्ग नाही. पण जे काही होतं ते भिंतीकडे होतं, आणि मी ते "खिडकीकडे बघणारी एकाकी खुर्ची" करून टाकलं. कुणाच्या तरी आयुष्यातली एक गोष्ट मी बदलली, चित्र छान दिसावं म्हणून. हे मला सोडत नाहीये.

इटलीत व्होल्तेर्राच्या मनोरुग्णालयात ओरेस्ते फर्नांदो नान्नेत्ती नावाचा रुग्ण होता. जाकिटाच्या बकलाच्या टोकानं त्यानं अंगणातल्या भिंतीवर वर्षानुवर्षं कोरलं, सगळं मिळून सुमारे १८० मीटर. त्या भिंतीला टेकून बाकांवर काही रुग्ण तासन्‌तास निश्चल बसलेले असायचे. त्यांना तो उठवायचा नाही, असं सांगतात. त्यांच्या डोक्यांभोवतीनं कोरत जायचा. १९७८ च्या कायद्यानंतर तिथली अशी रुग्णालयं बंद होत गेली, माणसं गेली, आणि भिंतीवर त्या डोक्यांएवढ्या कोऱ्या जागा तेवढ्या राहिल्या. हे मी किती जणांना कौतुकानं सांगितलंय. आणि मी? मला तर साधी रिकामी खुर्ची होती.

खुर्ची हलवण्याआधी एक फ्रेम घेतली होती, नुसता उजेड बघायला. कार्डात सापडली. फोकस कॅमेऱ्याजवळच्या पोपड्यावर, खुर्ची धूसर. तिच्यासमोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीचा रंग थोडा वेगळा दिसतो. घासल्यासारखा. ओल असेल, सावली असेल. किती मोठा केला तरी कळत नाही. अख्खा तास मी त्या वॉर्डात होते आणि खुर्चीसमोरची भिंत एकदाही बघितली नाही.

असो. झालं ते झालं, रडून ओरखडे पुसले जाणार नाहीत. नीट बघायला मी अजून शिकतेच आहे, आणि आक्का माझ्यावर रागावलेली नाही, तिनं फक्त विचारलं. मामाच्या खोलीतलं काहीही ती हलवू द्यायची नाही, ते आत्ता आठवलं.

परवानगीच्या पत्रावर रविवारपर्यंतची तारीख आहे. चौकोन चार आहेत, पाय त्यांत बरोबर बसतील. टॉर्च चार्जिंगला लावला. आक्काला लिहिलं: "हो, मीच फिरवली. रविवारी परत ठेवून येते. येतेस?"