सेन्नाची पोथी

फॉर्म्युला वन शर्यतींचा ब्राझिलियन ड्रायव्हर आयर्टन सेन्ना, त्याचं जाडजूड चरित्र पुण्याहून मागवलं आणि भर उन्हाळ्यात, पंखा गरम वारा फेकत असताना वाचायला घेतलं. सोलापूरच्या माणसाला पावसाचं अप्रूप जरा जास्तच, त्यामुळे माझा आवडता ड्रायव्हर पावसातला राजा असावा यात नवल नाही.

१९९३ ची इंग्लंडमधली डोनिंग्टनची शर्यत घ्या. ओल्या ट्रॅकवर चौथ्या जागेवरून सुटला, लगेच पाचवा झाला, आणि पहिलीच फेरी संपेपर्यंत शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रोस्ट अशा चौघांना मागं टाकून सगळ्यांच्या पुढं! यावर पुस्तकात काय? तर अंगात दैवी शक्ती संचारली होती म्हणे. संपलं.

अहो, पण कसं? एरवी सगळे ज्या रेषेवरून गाड्या काढतात, तिथं टायरचं रबर बसतं. पाऊस आला की नेमकी तीच रेषा निसरडी होते. (पहिल्या पावसात सात रस्त्याला दुचाकीवरून आपटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) मग पकड शोधायची ती रुळलेली वाट सोडून. पोरवयात कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या, एका ओल्या शर्यतीत सेन्नाची पार फजिती झाली होती. तेव्हापासून पाऊस लागला की हा गाडी काढून सरावाला. वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा न दाबता भराभर टोचे देत जायची त्याची खास पद्धत होती. असलं वाचायला मिळावं म्हणून तर पैसे मोजले! लेखकानं सरावाला दोन ओळी दिल्यात, प्रेमप्रकरणांना पानंच्या पानं.

त्याहून राग आला तो १९९० च्या जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीचा. पोल, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, मिळवूनही ट्रॅकच्या धुळकट बाजूला उभं केलं म्हणून सेन्ना धुमसत होता. पहिल्याच वळणावर जगज्जेतेपदाच्या चुरशीतल्या प्रोस्टला जाऊन धडकला. दोघंही बाद, आणि गुणांत पुढं असल्यानं जगज्जेतेपद सेन्नाला. पुस्तकात हा दुर्दैवी अपघात!

पार्क चौकात चहा घेताना मित्रापुढं तणतणलो. तो म्हणाला, "काय बे, चौऱ्याण्णवला गेला की तो बिचारा. आता कशाला उकरून काढतो?"

"अरे, त्यानं स्वतःच काढलं की! पुढच्याच वर्षी, तिसऱ्यांदा जगज्जेता झाल्यावर, पत्रकारांसमोर बोलला, मागं हटायचं नाही हे आधीच ठरवलं होतं म्हणून. त्याला लपवायचं नव्हतं, आणि हा लेखक त्याच्या वतीनं सोवळं नेसून बसलाय."

"मग अर्ध्या किमतीत दे की मला."